बंदुकांच्या ट्रेड शोला पहिल्यांदाच जाताय? मग गोव्यातून निघण्याआधी एवढं करा

फोंड्यात आमचं काडतुसांचं आणि बंदूक रिपेरीचं छोटं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शेतकरी नि बागायतदार, सत्तरी तालुक्यातले, सांग्यातले, काणकोणातले, ज्यांच्याकडे पीक राखायला लायसन्सची एकनळी असते, आणि अलीकडे एअर रायफल शिकणारी थोडी पोरं. एवढ्याशा दुकानातल्या माणसाने बंदुकांच्या ट्रेड शोला पार जर्मनीपर्यंत जावं का, हे मला तेव्हा घरातूनच विचारलं होतं, आणि आता धंद्यात नवीन आलेले तिघे विचारतायत, एक मडगावचा डीलर, एक डिचोलीचा नेमबाजीचा कोच आणि कुंडईत सीएनसी वर्कशॉप चालवणारा माझा मित्र. तिघांना तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय. जावं, नक्की जावं. पण नुसतं बघायला जाऊ नये. एक ठरलेलं काम घेऊन जावं, आणि येताना डोकं भरलेलं नि बॅग रिकामी असावी. बाकी सगळं ह्या दोन गोष्टींभोवतीच आहे.

काम घेऊन जायचं म्हणजे काय ते माझ्याच उदाहरणाने सांगतो. बारा बोअरच्या जुन्या बंदुका, आजोबा-पणजोबांच्या वेळच्या, त्यातल्या बऱ्याच बंदुकांचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरचं असतं, नंतरच्यांचं ७० चं. आता घोळ असा की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात आरामात बसतं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं आणि ७० हा आकडा ते तोंड उघडल्यानंतरच्या लांबीचा आहे. बार उडतो, दुमड उघडते, आणि चेंबर संपून नळी जिथे निमुळती व्हायला लागते नेमकं तिथे ती जाऊन बसते, छर्‍यांची वाट अरुंद होते आणि प्रेशर वाढतं. शेतकऱ्याला वाटतं काडतूस बसलं म्हणजे बरोबर आहे. नळीवरचे शिक्के घासून घासून गेलेले असतात, कागदावर नुसतं "१२ बोअर एसबीबीएल", म्हणजे मागून भरायची एकनळी, लिहिलेलं असतं, मग ओळखायचं कसं? बाबा बोटाने आणि अंदाजाने ओळखायचे. मला काउंटरवर दोन मिनिटांत चेंबर मोजायची खात्रीची पद्धत पाहिजे होती. जर्मनीतल्या नुरेंबर्गच्या शोला मी ह्याच एका प्रश्नासाठी गेलो.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. कोचला कमी बजेटमध्ये दहा पोरांसाठी एअर रायफल नि पेलेट्स, म्हणजे तिच्या गोळ्या, कुठून घ्यायच्या हे पाहिजे असेल, वर्कशॉपवाल्याला कोणासाठी कुठला पार्ट करता येईल हे. पण निघण्याआधी तो एका वाक्यात वहीत लिहिता आला पाहिजे. लिहिता येत नसेल तर त्या वर्षी जाऊ नका, पैसे वाचवा.

आता शो कुठला. इथेच नवीन माणूस चुकतो, कारण सगळ्यालाच "बंदुकांचं प्रदर्शन" म्हणतात. एक प्रकार सैन्याचा. गोव्यातल्या लोकांना तो माहीत आहे, २०१६ साली २८ ते ३१ मार्चला डिफेन्स एक्स्पो आपल्याकडेच झाला होता, बेतूलजवळ नाकेरी-कितोलच्या पठारावर, तेव्हा पर्रीकर संरक्षणमंत्री होते आणि संरक्षण खरेदीची नवीन पद्धत, डीपीपी २०१६, त्यांनी तिथेच जाहीर केली. मी गेलो होतो. मार्चअखेरचं ऊन, जांभ्या दगडाची लाल धूळ, मोठमोठे तंबू, रणगाडे, तोफा, मिसाईलची मॉडेलं. छान अनुभव होता पण माझ्या दुकानाच्या कामाचं तिथे जवळजवळ काही नव्हतं, तिथलं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. नंतर तोच एक्स्पो २०१८ ला चेन्नईजवळ, २०२० ला लखनौला आणि २०२२ ला गांधीनगरला झाला. तुमचं वर्कशॉप असेल आणि मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवायचे असतील तर मात्र असा शो तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. दुसरा प्रकार पोलीस आणि सुरक्षेचा, जसा पॅरिसचा मिलिपोल. तिसरा स्पोर्ट आणि शिकारीच्या बंदुकांचा, आम्हा दुकानदारांचा खरा शो हाच, आणि त्यात जगात दोन नावं आधी येतात, अमेरिकेत लास वेगासचा शॉट शो, जो १९७९ ला सेंट लुइसला सुरू झाला आणि आता दर जानेवारीत भरतो, आणि जर्मनीत नुरेंबर्गचा आयडब्ल्यूए, १९७४ पासूनचा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास.

आणखी एक. अमेरिकेत "गन शो" म्हणतात तो वेगळा, तो बाजार आहे, लोक तिकीट काढून जातात नि विकत घेतात. ट्रेड शो धंद्यातल्या लोकांसाठी असतो, पब्लिकला प्रवेश नाही, आणि शॉट शोला तर हॉलमध्ये विक्रीच नसते, स्वतःची बंदूक नेता येत नाही, मांडलेल्या बंदुकांच्या फायरिंग पिनासुद्धा काढलेल्या असतात. त्यामुळे "जातोच आहे तर एक घेऊन येईन" हा विचार डोक्यातून आधी काढून टाका. आपल्याकडे परदेशी बंदुकांच्या आयातीवर ८० च्या दशकापासून कडक बंधनं आहेत, नामांकित नेमबाजांना मुभा मिळते तीही परवानगीच्या कागदांवर.

पहिल्या वेळी मी नुरेंबर्ग सुचवेन. वेगास अवाढव्य आहे, नवीन माणूस दुसऱ्या दिवशी थकून हॉटेलात बसतो. आणि त्याही आधी, जर धंदेवाल्यांनी धंदेवाल्यांसाठी भरवलेलं, म्हणजे बी-टू-बी, कुठलंच प्रदर्शन बघितलं नसेल तर गोव्यातलंच एखादं बघून घ्या, विषय कुठलाही असो. २०२४ ला बेतूललाच इंडिया एनर्जी वीक झालं, तिथे आमच्या मित्राने एक दिवस नुसतं फिरून बघितलं की लोक स्टॉलवर किती वेळ बोलतात, कार्ड कधी देतात, सेल्सवाला कोण आणि इंजिनिअर कोण हे कसं ओळखायचं. तो एक दिवस त्याला पुढे खूप कामाला आला.

कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शोच्या प्रवेशाचा बॅज मिळवायला तुम्ही खरंच ह्या धंद्यात आहात हे दाखवावं लागतं. डीलर लायसन्सची कॉपी, जीएसटी रजिस्ट्रेशन, व्हिजिटिंग कार्ड, एखादं बिल, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि गोव्यातल्या माणसाने खास बघायचं ते नावाचं स्पेलिंग. आपल्यात कितीतरी घरांत आजोबांच्या कागदावर आडनाव पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेलं, बाबांच्या लायसन्सवर वेगळं आणि आपल्या पासपोर्टवर तिसरंच. आमच्या दुकानाच्या लायसन्सवर आणि माझ्या पासपोर्टवर एका अक्षराचा फरक होता, बॅजसाठी पाठवलेले कागद परत आले, मग अॅफिडेव्हिट करून पाठवलं त्यात जवळपास तीन आठवडे गेले. म्हणून तीन महिने आधी सगळे कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडा आणि अक्षरन् अक्षर जुळवा, मोठ्याने वाचून.

व्हिसा जर्मनीला शेंगेन बिझनेसचा, अमेरिकेला बी-१, आणि त्याचा इंटरव्ह्यू मुंबईला. कशासाठी जाताय ह्याला खरं उत्तर द्या, "बंदूक" हा शब्द लपवून "टुरिझम" लिहू नका, बॅगेत बॅज आणि कॅटलॉग सापडल्यावर तीच गोष्ट अंगाशी येते. शोचं आमंत्रणपत्र आणि रजिस्ट्रेशनची प्रिंट बरोबर जोडा. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांना जर्मनीला व्हिसा लागत नाही हे खरं, पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा पासपोर्ट बदललाय आणि लायसन्स जुन्याच नावावर चाललंय असं असेल तर शो राहू दे बाजूला, आधी वकिलाला भेटा.

वर्कशॉपवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो कारण मित्राला ती अजिबात माहीत नव्हती. आर्म्स अॅक्ट १९५९ मध्ये बंदुकीची व्याख्या नुसती अख्ख्या बंदुकीपुरती नाही, तिचे पार्ट आणि ती बनवायची मशिनरी, आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडणी, हे सगळं त्या व्याख्येत येतं. आणि नुसतं बनवायलाच नाही तर रिपेर करायला, टेस्ट करायलाही लायसन्स लागतं. म्हणजे शोमध्ये कोणी तुमच्या हातात ड्रॉईंग दिलं आणि म्हणालं "दोन पीस सॅम्पल करून पाठवा", तर खुशीत येऊन हो म्हणायचं नाही. "आमच्याकडे लायसन्स नाही, आधी त्याची प्रोसेस करावी लागेल" हे स्पष्ट सांगायचं. चांगल्या कंपनीचा माणूस त्याने नाराज होत नाही, उलट त्याचा विश्वास बसतो. जो म्हणतो "अहो, लायसन्सचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त पीस करा", त्याचं कार्ड घेऊन पुढे चला आणि परत त्या स्टॉलवर जाऊ नका.

आता पॅकिंग, आणि हे नीट वाचा. दुकानात वापरलेली बॅग विमानात न्यायची नाही. जी बॅग कधी काडतुसांजवळ ठेवली, रेंजवर नेली, स्कूटरच्या डिकीत काडतुसाच्या खोक्यावर पडली, ती बॅग नाही म्हणजे नाही. धंद्यातल्या माणसाच्या ओळखीच्या एकाला असाच त्रास झाला. बॅगेच्या आतल्या कप्प्याची शिवण उसवलेली, त्यातून अस्तराच्या मागे एक काडतूस गेलेलं, बहुतेक काही महिन्यांपूर्वी, त्याला पत्ताच नाही. एक्सरेमध्ये दिसलं. फ्लाईट गेली, तक्रार नोंदली, वकील, कोर्टाच्या तारखा. जाणूनबुजून जवळ बाळगलं असेल तरच गुन्हा, असं सुप्रीम कोर्टाने १९७२ सालीच गुणवंतलाल केसमध्ये म्हटलंय आणि त्याचा शेवटी फायदा होतो, पण शेवटी म्हणजे किती दिवसांनी? उडालेल्या काडतुसांची रिकामी टोपणं, काडतुसाचं कीचेन, कोणी गिफ्ट दिलेलं बुलेटच्या आकाराचं पेन, छर्‍यांची पुडी, काही नको. नवीन बॅग घ्या, म्हापशाच्या बाजारात मिळते तेवढी साधी चालेल. आणि निघायच्या आदल्या रात्री, नवीन असली तरी, ती उलटी करून सगळे कप्पे बोटाने चाचपा. मी अजून तसंच करतो, जमिनीवर पांढरी चादर पसरून त्यावर बॅग झटकतो, एक छर्रा जरी पडला तरी पांढऱ्यावर लगेच दिसतो.

गन ऑइलचा स्प्रे, सॉल्व्हंट हेही नको, पेटणाऱ्या वस्तू आहेत. कपडे साधे, जाडसर, जर्मनीत तेव्हा चांगलीच थंडी असते, आपल्या गोव्याच्या जॅकेटने भागत नाही. बूट मात्र वापरून मऊ झालेले. दाबोळीहून निघा नाहीतर मोपाहून, पुढचं कनेक्शन मुंबई किंवा दिल्लीचं, तिकिटात मध्ये भरपूर वेळ ठेवा.

राहायचं म्हणाल तर शोच्या दिवसांत नुरेंबर्गची हॉटेलं महाग होतात, शेजारच्या फ्युर्थमध्ये बघा, तिथून यू-वन मेट्रो थेट "मेसे" स्टेशनला सोडते, प्रदर्शनाच्या दारात.

पहिल्या दिवशी सकाळी काय करायचं? काही विचारू नका. खरंच. पहिले दोन तास नुसते फिरा, नकाशावर आपल्या कामाचे स्टॉल पेनने गोल करा. माझ्या नकाशावर नऊ गोल होते, त्यातले चार दुपारपर्यंत खोडले. ज्या स्टॉलवर तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही तिथे कितीही सुंदर बंदूक असली तरी ती तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलवर गर्दी असते आणि तिथे आधी भेटतो तो सेल्सचा माणूस, त्याला देश विचारायचा असतो, ऑर्डर केवढी ते विचारायचं असतं. तांत्रिक माणूस पाहिजे असेल तर शेवटच्या दिवशी दुपारनंतर जा, गर्दी कमी होते, ते लोक खुर्चीत बसलेले असतात आणि कोणी खरा प्रश्न विचारला की उठून येतात.

बंदूक हातात घेण्याबद्दल. इथे लोक तुम्हाला अर्ध्या मिनिटात ओळखतात, तुम्ही कोणत्या गावचे, इंग्लिश कसं, सूट कसा ह्यावरून नाही, हातावरून. आधी विचारायचं, "घेऊ का?" मग नळी खाली किंवा वर, कधीही माणसांकडे नाही, आणि शोमध्ये तर चहूकडे माणसंच असतात, त्यामुळे वळतानासुद्धा नळी आधी उभी करायची मग वळायचं. पिन काढलेली असो, प्लास्टिकची मॉडेल असो, तरी हेच. उचलली की चेंबर उघडून बघायचं, समोरच्याने आताच दाखवलेलं असलं तरी परत बघायचं. बोट चापावर नाही, चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवलेलं. रिकामा चाप ओढायचा असेल तर विचारून. दोननळी बंद करताना फटकन झटका देऊन बंद करायची नाही, आपल्याकडे तसं करायची सवय असते, हाताने हळू मिटवायची, कुलूप बसल्याचा हलका आवाज येतो.

पहिल्या खेपेला एका इटालियन कारागिराच्या स्टॉलवर मी दोननळी मागितली. व्हाल त्रोंपिया नावाचं खोरं आहे ब्रेशियाजवळ, बेरेटा कंपनी तिथल्याच गार्दोने गावची, १५२६ पासूनची, आणि आजूबाजूला अशी लहान लहान घराणी आहेत. तो म्हातारा माणूस. मी हात पुढे केला तर त्याने बंदूक दिली नाही, माझ्या बोटाकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटावर अंगठी काढल्यासारखं करून दाखवलं. मी अंगठी काढून खिशात ठेवली, त्याने पट्ट्याच्या बक्कलाकडेही बोट केलं, तिथे एक मऊ कापड खोचून दिलं, आणि मग दोन्ही हातांनी बंदूक माझ्या हातात ठेवली. अक्रोडाचा दस्ता, हाताने तेल चोळून चोळून आणलेली चमक, आतली नस दिसते अशी. परत घेतल्यावर माझ्या बोटांचे ठसे त्याने लोखंडावरून लगेच पुसले, कारण घामाने गंज धरतो, आणि हे मला, गोव्याच्या पावसाळ्यात दर आठवड्याला गंजलेल्या नळ्या हातात येणाऱ्या माणसाला, कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. आम्ही दोघं एकमेकांची भाषा न कळता वीस मिनिटं बोललो. तेव्हापासून दुकानातही मी अंगठी काढूनच काम करतो, आणि आमच्या पोरालाही तेच शिकवलंय.

फोटो विचारून. स्टॉलवर बंदूक रोखून सेल्फी अजिबात नको, ते तुमच्याबरोबर तुमच्या लायसन्सलाही शोभत नाही, आणि उद्या कोणी तो फोटो कुठे दाखवेल सांगता येत नाही.

बोलणं कसं करायचं? आधी आपण कोण ते दोन वाक्यांत, मग प्रश्न. माझं वाक्य असं होतं : मी भारतातून, गोव्यातून, लहान दुकान, शेतकऱ्यांच्या जुन्या बारा बोअर रिपेर करतो, ६५ नि ७० चेंबर ओळखायला काय वापरू? दोन ठिकाणी मला महागडे गेज दाखवले. तिसऱ्या ठिकाणी, काडतुसं बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टॉलवर, पांढऱ्या कोटातल्या एका बाईने कागदावर पेनने चित्र काढून सांगितलं की तुला विकत घ्यायची गरजच नाही, सीआयपीचे मापाचे तक्ते कोणालाही बघता येतात, त्या मापाचा साधा प्लग, म्हणजे चेंबरात सरकवायचा दांडा, लेथवर करून घे, वर दोन रेघा मार, ६५ ची आणि ७० ची. सीआयपी म्हणजे बंदुका आणि काडतुसांची मापं नि चाचणी ठरवणारी युरोपातली संस्था, १९१४ पासूनची, युरोपी बंदुकीच्या नळीवर चाचणी झाल्याचा जो शिक्का असतो तो तिच्याच नियमांप्रमाणे. अमेरिकेत असंच काम सामी करते, १९२६ पासून, पण तिथे ते उद्योगाने स्वतः होऊन पाळायचं असतं. नवीन डीलरने ह्या दोन नावांमधला फरक घरूनच वाचून जावा, कारण स्टॉलवर प्रत्येक दुसऱ्या वाक्यात ती नावं येतात.

किंमत विचारली की समोरचा तुमच्या आयात परवान्याबद्दल आणि माल शेवटी कोण वापरणार त्या सर्टिफिकेटबद्दल विचारेल. नसेल तर नाही म्हणा. कोचने एअर रायफलबद्दल विचारताना भारतातली मर्यादा पाठ ठेवावी, .१७७ बोअर आणि २० जूलपर्यंत लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. पण मी त्याला हेही सांगितलं की पोरांच्या पहिल्या रायफलीसाठी आधी अंबरनाथच्या प्रिसीहोलकडे बघ, मराठी मुलखात बनते, पार्ट मिळतात, मग जर्मन रायफलीच्या गोष्टी. २०२३ ला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हापासून आपल्याकडे एअर रायफल विचारायला येणारी पोरं खरंच वाढलीयत, त्यांना महाग वस्तूच्या नादाला लावून खेळ सोडायला लावायचं नाही.

रेंजचा दिवस. शॉट शोच्या आदल्या सोमवारी आमंत्रितांसाठी फायरिंगचा दिवस असतो, बोल्डर सिटीजवळ. आमंत्रण आलं म्हणून धावत जाऊ नका, अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवण्यावर फेडरल कायद्याची बंधनं आहेत, काही अपवाद आहेत पण आपण त्यात बसतो का हे आयोजकांना आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गेलात तर कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पूर्ण बाह्या, गळा बंद, कारण गरम रिकामं टोपण कॉलरमधून आत गेलं की माणूस दचकून हातातल्या बंदुकीसकट वळतो, आणि ते सगळ्यात धोक्याचं. परत आल्यावर ते कपडे वेगळ्या पिशवीत, हात-केस साबणाने धुवा, पॅन्टच्या फोल्डमध्ये आणि बुटाच्या तळव्यात टोपण अडकलंय का बघा. बारुदाचा अंश कपड्यावर राहतो आणि विमानतळावर स्वॅब मशीन तो पकडू शकतं.

परतीच्या आदल्या रात्री परत चादर. हॉटेलची चादर चालते. स्टॉलवर लोक प्रेमाने काय काय देतात, डमी काडतूस, कापून आतला भाग दाखवणारं काडतूस, छोटा चाकू, स्प्रिंग, एखादा स्क्रू. सगळं नम्रपणे तिथेच परत द्यायचं, "विमानाने जायचंय" म्हटलं की त्यांना समजतं. अमेरिकेतून दुर्बीण, ट्रिगर, नाईट व्हिजन असलं काही उचलून आणू नका, त्यांच्या एक्स्पोर्टच्या कायद्यात ह्यातलं बरंच काही परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही, थर्मल आणि नाईट व्हिजन तर खासच. कॅटलॉगही कागदाचे आणू नका, वजन होतं, पीडीएफ मागा. मी फक्त त्या बाईने काढलेलं चित्र घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवून आणलं.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ईमेल पाठवा, तीन-चारच, पण प्रत्येकात काय बोललो होतो त्याचा एक ठळक तपशील. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर कोणी उत्तर देत नाही. आणि घरच्या कामाची तारीख बघून ठेवा, आचारसंहिता लागली की गावोगावच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, त्याच्या आधी नि नंतर दुकानात रिपेरीची रांग लागते, त्या दिवसांत ईमेल राहून जातात.

आमचा प्लग कुंडईच्या मित्राने लेथवर करून दिला, पितळेचा, म्हणजे चेंबर खरवडत नाही, मोजायचंच साधन असल्यामुळे त्यात लायसन्सचा प्रश्न नव्हता. वर दोन बारीक रेघा. पहिल्याच सोमवारी वाळपईहून एक शेतकरी काका आले, काजूच्या बागेसाठी आजोबांची एकनळी, बरीच वर्षं बाजारात मिळतील ती काडतुसं वापरत होते. प्लग आत सोडला, ६५ च्या रेघेवर थांबला, परत काढून परत सोडला, तिथेच. काकांना नळीतून बॅटरी मारून ती निमुळती जागा दाखवली. मग दस्त्याच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी लावून त्यावर ६५ लिहिलं, रजिस्टरमध्ये लायसन्स नंबरसमोर ६५ लिहिलं, आणि त्यांनी बरोबर आणलेला ७० चा अर्धा डबा आमच्याकडे रीतसर लिहून जमा करून घेतला. त्या दिवसापासून आतापर्यंत रजिस्टरमधल्या बारा बोअरच्या रकान्यात सत्तेचाळीस वेळा ६५ लिहून झालंय.